सकाळी उतरणारा काटा

कारखाना वसाहत, उंब्रजजवळ
गुरुवार, १९ जानेवारी १९७८

प्रिय विजू,

हे पत्र पोस्टात न टाकता रसूलभाईंच्या हाती देते आहे. ते उद्या कारखान्याची जीप घेऊन सुटे भाग आणायला सांगलीला येणार आहेत, तेव्हा माधवनगरला तुझ्या वर्कशॉपवर येऊन तुझ्याच हातात देतील. एकटी असशील तेव्हा वाच. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा थंडीनं धरतो, एवढंच. संक्रांतीच्या तिळाच्या वड्या आबांनी तुझ्यासाठी बाजूला ठेवायला सांगितल्या होत्या. त्या मी खाल्ल्या.

तुझ्या सेन्सरचं इथं फार कौतुक चाललं आहे. गव्हाणीतून मिलपर्यंत ऊस ओढून नेणाऱ्या चेनच्या कडेला तू ती दोन डोकी बसवून गेलीस, तेव्हापासून बघायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. आबा प्रत्येकाला समजावून सांगतात, कुणी विचारलं नाही तरी. “कडी आली की एक डोकं इशारा देतंय, मग दुसरं. चेन नवी असली की दोन्ही इशारे एकदम. पिना झिजल्या, चेन लांबली, की दुसरा इशारा मागं पडतोय. जेवढा मागं, तेवढा काटा वर. आमच्या विजूनं केलंय.” इतकी वर्षं मिलचे फिटर आहेत, पण स्वतःच्या कामाबद्दल त्यांना एवढं बोलताना मी कधी ऐकलं नाही. परवा वडूजचे पाहुणे आले होते. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, हीच का ती पोरगी? आबा म्हणाले, “न्हाई वो, ती आमच्या भावाची. ही हौसा. ही लॅबमधी रस तपासती.” त्यात खोटं काहीच नव्हतं. मी आत गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

तुला ओसरीवरची आपली शाळा आठवते का? काका पलटणीत, म्हणून तू आणि काकू आमच्याकडं. खरी शाळा नदीपलीकडं, म्हणून नाव घालायच्या आधी आबांनीच आपल्याला शिकवलं. पाढेसुद्धा सायकलच्या जुन्या चेनवर. तू कड्यांना हात न लावता उत्तर द्यायचीस आणि ते बरोबर यायचं. मी एकेक कडी बोटानं सरकवत मोजायचे, चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजायचे, तोवर आबा तुला पुढचं विचारून मोकळे झालेले असायचे. पुढं कॉलेजचा प्रश्न आला तेव्हा ते आईला म्हणाले, “विजूला इंजिनिअरिंगला घालू. हौसा भित्री हाय. यंत्राच्या कामाला काळीज लागतंय.” मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मान हलवली. तुला वाटलं असेल, मला पटलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या काट्याकडं लक्ष ठेवायचं काम मोठ्या साहेबांनी माझ्याकडं दिलं, कारण मी काही विसरत नाही, असं ते म्हणतात. संक्रांतीनंतर काटा तांबड्या रेघेला टेकला. साहेबांनी ठरवलं, सोमवारी गाळप बंद करायचं आणि सगळी चेन बदलायची. त्याच दिवशी तुझा सत्कार आहे, शाल आणि नारळ. आबांनी फेटा इस्त्रीला दिला आहे. बाहेर बैलगाड्या पार हमरस्त्यापर्यंत उभ्या आहेत आणि गाळप बंद झालं की त्यातला ऊस उन्हात वाळणार, पण चेन तुटण्यापेक्षा ते बरं, असं सगळे म्हणतात.

पण विजू, तो काटा सकाळी उतरतो. दुपारी गाड्यांची गर्दी झाली की तांबड्या रेघेवर, आणि पहाटपाळीत पुन्हा खाली. झीज अशी उतरत नाही गं. घासलेली पिन रात्रीतून भरून येत नाही. मी गव्हाणीवरच्या गुंडाभाऊंना विचारलं, दुपारी काय वेगळं करता? ते म्हणाले, “काय न्हाई ताई. मिल तुंबली की चेन हळू सोडतो. न्हाईतर ऊस हुबा ऱ्हाऊन अंगावर येतोय.” मग त्यांना थोडा वेळ चेन हळू करायला लावली, नंतर जलद. काटा वर गेला, खाली आला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तुझा तो काट्याचा डबा दोन इशाऱ्यांमधला वेळ मोजतो. चेन हळू चालली की तेवढ्याच लांबीला जास्त वेळ लागतो आणि डब्याला वाटतं, चेन लांबली. वर्कशॉपमध्ये तुझी मोटार एकाच वेगानं फिरत असणार. ऊस एका वेगानं येत नाही.

काल सफाईसाठी गाळप थांबलं होतं, तेव्हा टेप लावून चेन मोजली. दुसरं टोक धरायला आबांना बोलावलं. ते म्हणाले, “विजूच्या काट्यावर भरवसा न्हाई व्हय तुझा?” मी म्हटलं, सहज बघते. “बघ बघ, तुला मोजल्याबिगर झोप कुठं येती?” असं म्हणून हसले. आकडा माझ्या टोकाला होता. त्यांनी विचारला नाही. चेन थोडी लांबली आहे, पण बदलण्याइतकी मुळीच नाही. हा हंगाम सहज निघेल.

आणि मला आनंद झाला. हे लपवून बाकीचं सांगितलं तर ते अर्धं खोटं होईल. गाड्यांचा विचार नंतर आला, तुझा त्याहून नंतर. आधी आनंद, उसाच्या रसासारखा गोड. मग भीती वाटायला लागली की मला हे दिसलं ते खरं होतं म्हणून, की मला तेच हवं होतं म्हणून? तेव्हापासून टेप किती वेळा डोळ्यांपुढं आणला असेल. आकडा बदलत नाही, पण माझा स्वतःवरचा विश्वास बदलतो.

साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. तू शनिवारी ये. स्वतः काटा बघ, टेप लाव. मी चुकले असेन तर हसून परत जा. नसेन तर साहेबांकडं तूच जा, काम तुझं आहे. डब्यात वेगाचा हिशेब घालायला तुला आठवडासुद्धा लागणार नाही, हे मी जाणते, आणि त्याचाही मला राग येतो. रविवारपर्यंत आली नाहीस तर मात्र मला बोलावंच लागेल. त्या गाड्या अशा उभ्या ठेवता येणार नाहीत.

या पत्राचा पहिला कागद मी फाडला. त्यात लिहिलं होतं, माझं नाव कुठंही घेऊ नकोस. साहेबांपुढं नाही घेतलंस तरी चालेल. पण आबांना तू सांग, की हे हौसाला दिसलं. मी सांगितलं तर ते म्हणतील, हिला विजूचं बघवत नाही. आणि तेही खरंच आहे, म्हणून मला काही बोलता येणार नाही. तुझ्या तोंडून आलं तरच ते ऐकतील. तू समोर बसून सांग, मी स्वयंपाकघरात असेन, दार उघडं ठेवीन. मागायला लाज वाटते आहे. तरी मागते.

तुझीच,
हौसा