जिन्यावरच्या कळ्या

हरणी, बडोदे
२० फेब्रुवारी २०२५

ती. सुनंदाआत्यास,
केयूरचा शि. सा. न.

माझं सगळं बदललं ते मागच्या वैशाखातल्या एका संध्याकाळी. तू वाईहून पाठवलेल्या बुटक्या अनंताला पहिलं फूल आलं होतं, आणि समोरच्या घरातली रसिका कॉलेजातून येता येता आमच्या फाटकाशी स्कूटर बंद करून उभी राहिली. कसला वास येतोय म्हणून विचारलं. मी झाड दाखवलं. गुडघ्याएवढं झाड आणि त्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत, याचं तिला हसू आलं. पुढच्या वर्षी यातलं एक फूल तिचं, असं सांगून ती गेली. बस, तेव्हापासून माझं काही खरं नाही.

दिवाळीनंतर मी कॉलेज सोडलं ते तुला बाबांनी कळवलंच असेल, आणि मीठमसाला लावूनच कळवलं असेल. सरांनी माझी जर्नल तिसऱ्यांदा परत केली, मी ती त्यांच्या टेबलावर आपटली आणि निघून आलो. सॉरी म्हणून परत जा, असं सगळे सांगत होते. नाही गेलो. आता नंदेसरीच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागलोय. घरी आलं की जेवायचंसुद्धा जिवावर येतं. नाकात दिवसभराचा केमिकलचा वास बसलेला असतो, आईनं फोडणी घातली तरी कळत नाही. बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. मी समोर बसलेलो असताना आईला सांगतात की त्याला विचार, बस किती वाजता येते.

असो. काम असं आहे की अनंताची पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या. आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू एप्रिलच्या शेवटी आहे, तेव्हा समोरच्या घरच्या बायका येतीलच. आई सगळ्यांना मोगऱ्याचे गजरे देईल, पण रसिकाला अनंत द्यायचा, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलंय. तेव्हा झाडाला काय घालू ते लगेच कळव. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅप तू बघत नाहीस, म्हणून हे पत्र. हात दुखतोय.

माझ्यावरचा लोभ बाबांचं ऐकून कमी करू नकोस.

तुझा,
केयूर


वाई
३ मार्च २०२५

चि. केयूर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर कोंबडीच्या पायांचं, पण वाचता आलं. फोनवर तू गिरणीत बसून बोलल्यासारखा वाटतोस, त्यापेक्षा हे बरं. तुझे काका गेल्यापासून घरात पत्र म्हणून येतं ते वीज मंडळाचं. दोनदा वाचलं, एकदा चष्म्याशिवाय.

पानं पिवळी पडतात ती तुमच्या बोअरच्या पाण्यानं. अनंताला खारं पाणी सोसत नाही. त्याला थोडी आंबट माती लागते. ताक पाणीदार करून पंधरा दिवसांतून एकदा घाल. कुजलेला पालापाचोळा घाल. एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी बादलीत धर आणि रोजचं तेच घाल. सकाळचं ऊन हवं, दुपारचं बडोद्याचं ऊन नको. माती ओली असावी, चिखल नसावा. आणि एवढंसं झाड आहे म्हणून त्याला सारखं खतपाणी भरवत बसू नकोस. तुझ्या जावळाच्या दिवशी तुझ्या आजीनं तुला असंच भरवलं होतं, रात्रभर आम्ही जागलो.

तुझ्या बाबांना, अविनाशला, मी लहानपणापासून ओळखते. तो बोलत नाही तेव्हा चिडलेला नसतो, घाबरलेला असतो. तू मात्र चिडतोस तेव्हा खरोखरच चिडतोस, तेव्हा जरा सांभाळ. आणि ती समोरची मुलगी फुलाचं बोलून गेली, बाकी काही बोलली का, ते तू लिहिलेलं नाहीस. मी आपलं विचारते.

गुडघे दुखतात, बाकी ठीक. आशीर्वाद आहेतच, पत्र न आल्यास मात्र परत मागून घेईन.

तुझी,
सुनंदाआत्या


हरणी, बडोदे
६ एप्रिल २०२५

ती. सुनंदाआत्यास,
शि. सा. न.

तुझ्या ताकानं जादू केली. पानं हिरवीगार झाली, पाडव्याच्या आधी झाडभर कळ्या लागल्या, पिळलेल्या वातीसारख्या. आणि आता हे सगळं मातीत गेलंय.

रोज सकाळी बघावं तर कळ्या कमी. मी झाडाचं किती करत होतो ते आईला विचार. सकाळचं ऊन फाटकाशी येतं, म्हणून बसला जायच्या आधी कुंडी फाटकाशी. दुपारच्या उन्हासाठी आईला सांगून ठेवलेलं, ती जिन्याखाली ओढायची. आणि संध्याकाळी वारा समोरच्या घराकडे वाहतो, म्हणून शिफ्टवरून आलो की चहा न घेता कुंडी उचलून गच्चीवर. एखादी कळी उमलली तर वास रसिकाच्या बाल्कनीत जावा एवढंच. कंबर मोडली माझी, आत्या. आणि कळ्या नाहीशा!

आता ऐक कोण असणार ते. रसिकाचे आजोबा, गोविंदराव. रिटायर्ड माणूस, उजाडलं की कापडी पिशवी आणि आकडी लावलेली काठी घेऊन सोसायटीभर फिरतात. कोणाची जास्वंद, कोणाची तगर, कुंपणाबाहेर आलेलं सगळं त्यांच्या देवाचं. कोणी काही बोलत नाही, दादा छे ने, चालसे, म्हणजे आजोबाच ना, चालायचंच, असं म्हणून सगळे गुजराती शेजारी हसतात. परवा मी बसला निघालो तर ते आमच्या फाटकाशी वाकून उभे. माझं डोकं सटकलं. गल्लीत सगळ्यांसमोर मी त्यांना विचारलं की कळ्या चोरून देवाला वाहिल्यावर देव पावतो का. आणखीही बोललो. ते सगळं इथं लिहीत नाही. म्हाताऱ्यानं पिशवी उलटी करून दाखवली. चार तगरी आणि एक जास्वंद पडली रस्त्यावर. मग ती न उचलताच ते गेले.

रसिका बाल्कनीत होती. तिनं सगळं ऐकलं. मी नंतर मेसेज केले, खूप केले, तिनं एकच उत्तर पाठवलं की तिच्याशी बोलायचं काही कारण नाही, ज्यांच्याशी बोलायचं आहे ते समोरच राहतात. आता तूच सांग, चोर कोण आणि सॉरी कोणी म्हणायचं? झाडावर चार कळ्या उरल्यात. हळदीकुंकू एकोणीस दिवसांवर आलंय. ती आली नाही तर या सगळ्याचा काय उपयोग?

थकलोय. लोभ असू दे, इथं तो फारसा कोणाकडे शिल्लक नाही.

तुझा,
केयूर


वाई
१३ एप्रिल २०२५

चि. केयूर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं.

चूक माझी आहे. मागच्या पत्रात सगळं लिहिलं आणि हे राहिलं. मला वाटलं हे कोणाला सांगावं लागत नाही. अरे, कळ्या धरलेला अनंत जागेवरून हलवायचा नसतो. इकडची कुंडी तिकडे केली, उजेडाची बाजू बदलली, की तो कळ्या टाकतो. उमललेलं फूल टिकेल, कळी टिकत नाही. आणि तू त्याला दिवसातून तीनदा जत्रेत मूल फिरवावं तसा फिरवलास, वर जिन्यावरून धक्के खात!

तुझ्या आईला विचार, सकाळी जिना झाडताना केरात हिरवं काय निघतं. आणि गच्चीच्या कोपऱ्यात स्वतः बघ. म्हातारा वाकून कळ्या तोडत नव्हता रे बाबा, वास घेत असेल. मीसुद्धा लोकांच्या कुंपणाशी वाकते. या वयात वाकायला कारण लागतं.

आता कुंडी ठेव फाटकाजवळच अशा जागी, जिथे सकाळचं ऊन येतं आणि दुपारी भिंतीची सावली पडते, आणि हात लावू नकोस. पाणी घाल आणि निघून जा. तुला हे जमेल का, मला शंकाच आहे. झाडाच्या बाबतीत म्हणते आहे मी. मुलीच्या बाबतीत तू काय करतोस ते त्या खूप मेसेजवरून मला दिसतंच आहे.

बाकी तुला काय करायचं ते कळतं. मी लिहिणार नाही. लिहिलं की तू चिडशील.

आत्याचा जीव तुझ्यात आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझी,
सुनंदाआत्या


हरणी, बडोदे
२८ एप्रिल २०२५, सोमवार

ती. सुनंदाआत्यास,
शि. सा. न.

आईला विचारलं. ती म्हणाली की हो, रोज सुपलीत हिरव्या कळ्या यायच्या, तिला वाटलं मीच काहीतरी छाटतोय, आणि माझा तो चेहरा बघून विचारायची तिची छाती झाली नाही. गच्चीत पाण्याच्या टाकीमागे आणखी सापडल्या, वाळून काळ्या झालेल्या. मी तिथंच बसून राहिलो. बाबा वाळलेले कपडे काढायला वर आले, बघितलं आणि कपडे घेऊन खाली गेले.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी समोर जायला हवं होतं. निघालोसुद्धा, फाटकापर्यंत. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मी परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही तेच. कॉलेजातल्या सरांकडेही मी असाच गेलो नव्हतो, तेव्हा मला वाटलं होतं की हे माझं ताठ असणं आहे.

कुंडी हलवली नाही. चारातल्या तीन कळ्या तरीही पडल्या. एक राहिली.

शुक्रवारी हळदीकुंकू झालं. घरात बायका, आंब्याची डाळ, पन्हं. मला आणि बाबांना गच्चीत धाडलेलं. पन्ह्याचे दोन ग्लास घेऊन आम्ही दोघं टाकीच्या सावलीत बसलो. बाबांनी मला, म्हणजे मलाच, विचारलं की नंदेसरीला पाणी तरी नीट मिळतं का. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले की गोविंदराव हल्ली पिशवी घेऊन निघतात, पण आपलं घर आलं की पलीकडच्या बाजूनं जातात. एवढंच बोलून त्यांनी ग्लास संपवला.

रसिका आली. कळी तेव्हा मिटलेलीच होती, तिला मोगराच मिळाला. जाताना ती फाटकाशी थांबली, मी खाली आलो. कळी बघितली तिनं, हात नाही लावला. मग सगळं सांगितलं, आत्या, न रागावता, म्हणून जास्त लागलं. जूनमध्ये ती नोकरीला हैदराबादला चालली आहे. माझ्याबद्दल तिच्या मनात तसं कधी नव्हतं, आणि त्या सकाळनंतर आता येणारही नाही. ज्या माणसाचा आवाज कधी चढेल ते सांगता येत नाही त्याच्याबरोबर राहायची तिला भीती वाटेल. फूल ती गमतीत बोलली होती. ते मला इतकं खरं वाटेल हे ठाऊक असतं तर बोलली नसती. शेवटी म्हणाली की तिला फुलांची कमी नाही, आजोबांच्या देवाला मात्र हल्ली शेजारी हातात देतात तेवढी तगरच असते, कारण त्यांनी झाडांशी थांबणंच सोडलंय.

शनिवार-रविवार मी नुसता पडून होतो. कामावरही शनिवारी दांडी मारली. मेसेज मात्र केला नाही. पन्नासदा फोन हातात घेतला.

काल संध्याकाळी कळी उमलली. आई सांगत होती की वास जिन्यापर्यंत येतोय. मला येत नव्हता, मी नाक पाकळीला टेकवलं तेव्हा कुठे जरासा आला. आज सकाळी फूल अजून पांढरं आहे, संध्याकाळपर्यंत पिवळं पडायला लागेल. ते आताच देठासकट तोडून वाटीत ठेवलंय. झाडावर आता काही नाही. तू म्हणशील की पुन्हा येईल. येईल, पण या चैत्रात नाही.

बस यायला थोडा वेळ आहे. बाबा उठलेत, आत दाढी करतायत. मी काय बोलायचं ते दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं, दर वेळी वेगळंच निघतं.

पत्र जाता जाता पेटीत टाकतो. रागावू नकोस, आणि लोभाचं मी मागत नाही, तू देतेसच.

तुझा,
केयूर

ता. क. गोविंदराव काठी घेऊन त्यांच्या फाटकातून बाहेर पडलेत, आमच्या बाजूला बघत नाहीयेत. गल्ली संपायच्या आत त्यांना गाठायला हवं. वाटी घेतली. आत बाबांना सांगितलं की समोरच जाऊन येतो, आणि आता पाकीट बंद करून निघतोय.