बोअरच्या नावाची बाटली

५ जानेवारी
कॉलेजची पोरं चपलांसकट घरात! त्यातली मनस्विनी म्हणं, "आजी, गावातलं पाणी तपासायचंय. आमच्या अभ्यासातच आहे." अभ्यास यांचा, फरशी मी पुसली.

तिनंच ही वही दिली. रोज कुठलं पाणी प्यालात ते लिहा म्हणं. चौथी शिकले, लिहिते. पाण्याचं तिला तोंडी सांगीन. वही दाखवायची नाय.

हे जाऊन चव्वेचाळीस दिवस. रडू येत नाय. भाकरी थापते, खाते.

६ जानेवारी
मनस्विनीनं बाटली दिली. "बोअरचं भरून ठेवा," म्हणाली अन् शेजारी मनकर्णाबाईकडं नावं लिहायला गेली. बोअर आमचं, पण सगळी गल्ली त्यावर भरते. पाणी मचूळ. परक्या लेकरांपुढं ते ठेवून घराची शोभा करू? यांच्या आजारपणात लेकानं, राजेंद्रनं, आणलेला विकतच्या पाण्याचा शेवटचा जार कोपऱ्यात पडून होता. त्यातलं भरलं. पाहुण्याला चांगलं द्यावं!

९ जानेवारी
पाणी बोअरचं. वरण केलं. बाकी काय नाय.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाय. बरं झालं. वाणाच्या डब्यांनी फळी भरलीय.

१६ जानेवारी
पोरांनी बोअरवर कागद चिकटवला — पाणी पिण्याजोगं! मनकर्णाबाई खूश. "द्वारके, जार बंद केला बघ! नातवाचं पावडरचं दूध बी तुझ्याच पाण्यात." नातू दोन महिन्यांचा.

जेवता जेवता ध्यानात आलं. बाटलीत जारचं होतं. घास गिळला. हात धुतला.

तिला म्हणलं, "लेकराला हे देऊ नको." म्हणं, "उकळून देते की! कॉलेजवाले येडे हायेत व्हय?" कारण न सांगताच घरी आले.

राजेंद्रला मनस्विनीला फोन लावायला लावला. ती तासाभरात शहरातून आली. तिला एकटीला सांगितलं. आधी मनकर्णाबाईकडं पळाली — "काकू, थांबा! नायट्रेट असलं तर उकळून जात नाही." मग पंप दहा मिनिटं वाहू दिला अन् बाटली स्वतः भरली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

२० जानेवारी
नायट्रेट लई. शेतातल्या खताचं असंल, नायतर संडासाच्या खड्ड्यांचं. तान्ह्याला तर घातक. मनकर्णाबाईचं लेकरू डॉक्टरनं तपासलं. ठीक हाय.

मी मनस्विनीला विचारलं, "हे त्याच पाण्यानं गेले का?"
म्हणाली, "माहीत नाही, आजी. तसं सांगता येत नाही."
डॉक्टरनं महिनाभर गोल गोल फिरवलं. हिनं दोन वाक्यांत उरकलं.

२१ जानेवारी
गल्ली पोरीवर तुटून पडली. "लेकरू गेलं असतं म्हणजे? आमच्यावर शिकता व्हय!" ती खाली मान घालून, "चूक माझी. बाटली मी स्वतः भरायला पाहिजे होती."

माझं नाव घेतलं नाय. मी तिथंच उभी.

२२ जानेवारी
उद्या पारावर बैठक. तिचे सर येणार. हिला कामातून काढा, असं गल्लीनं ठरवलंय.

आत्ता पाण्याचं विचारायला आलीय. वही तिच्याच हातात देते.

मनस्विनी, हे वाच. उद्या तू तोंड उघडायचं नाय. उत्तर द्वारकाबाई देईल.