निखाऱ्यात न टाकलेले गोचीड

भिंगार,
ता. १८ ऑक्टोबर १९७१

चि. सुमंतास,

दादाचे आशीर्वाद. तुला ते हवे आहेत की नाहीत, हे न विचारताच पाठवतो आहे.

फट्! आठवतो का रे तो आवाज? गोठ्यात शेगडी पेटलेली असायची. म्हशीच्या कानामागचे टपोरे गोचीड तू उपटून माझ्या तळहातावर ठेवायचास आणि मी शाळेत पाठ करायला दिलेली आर्या मोठ्याने म्हणायचो. यतीचा थांबा आला की एक गोचीड निखाऱ्यात. फट्! चरण संपला की दुसरा. फट्! पंतोजींच्या छडीला जे जमलं नाही, ते वृत्त मला त्या म्हशीने शिकवलं. आता पहाटे जाग येते तेव्हा देवाच्या नावाऐवजी तोच आवाज कानात असतो.

माझ्या इंदूच्या लग्नापासून आपण बोललो नाही. मंगलाष्टकांची दोन कडवी झाली, तिसऱ्यासाठी मी श्वास घेतला आणि तू मागून ओरडलास, "सावधान!" झालं. अक्षता पडल्या, बँडवाल्यांनी फुंकलं, माझं तिसरं कडवं तोंडातच राहिलं. वर तू म्हणालास, "मुहूर्त टळत होता, दादा." मुहूर्त! ती कडवी शार्दूलविक्रीडितात बसवायला मला अख्खा उन्हाळा लागला होता. असो. तो विषय नाही.

विषय असा, की आमच्या घरात सध्या मनकर्णाबाईचं राज्य आहे. ही मागच्या खोलीतली शेजारीण. तुझ्या वहिनीला, दमयंतीला, ताप आला, अंगावर लाल पुरळ उठलं, आणि या बाईने उंबऱ्यावरूनच निकाल दिला. दाराला कडुनिंबाचा पाला बांधला. फोडणी बंद, दाढी बंद, घरात चप्पल बंद. मी बिनफोडणीची आमटी गिळतो आणि आरशात बघितलं की मलाच माझी भीती वाटते.

"मास्तर, माय आल्यात घरात. गोळी न्हाई, सुई न्हाई. लिंबाचा पाला आन् गार पानी."

"अहो, हिच्या दंडावर लशीचे वण आहेत. बघा तरी!"

"त्ये सरकारचं. मायला काय त्येचं?"

"पुरळात पाणी नाही, पू नाही. देवी अशा नसतात हो!"

"मास्तर, तुमी कविता म्हना."

चाळीस वर्षं मी वर्ग गप्प केले. ही बाई मला एका वाक्यात गप्प करते! आणि दमयंती डोळे मिटून पडल्या पडल्या हसते. ताप असताना हसते, म्हणजे बरं आहे, असं मी मनाशी म्हणतो.

बाकी हवापाणी ठीक. पेरू पुष्कळ लागले आहेत.

हो, एक सांगायचं राहिलं. घरात ससा आहे. आमच्या शेळीसाठी गवतवाली चांगुणा भारा आणते, मिलिटरीच्या माळावरून. त्या भाऱ्यात हे पिल्लू निघालं. कान केवढे! आणि त्या कानांत, काय सांगू, करड्या मोत्यांची भिकबाळी घातल्यासारखे गोचीड. दमयंती म्हणाली, "रानातलं आहे, रानात सोडा. नाहीतर निदान रॉकेल आणा, निखारे आणा." मी म्हटलं, त्याला झोंबेल. ओसरीवर बसून मी बोटांनी हलकेच एकेक गोचीड काढला, त्याला शाळेतल्या कविता म्हणून दाखवत. ससा फार चांगला श्रोता आहे. मध्येच सावधान म्हणत नाही.

तुला एक सहज विचारतो. पुरळ आधी मनगटावर आणि घोट्याशी उठलं, मग तळहातावर आणि तळपायावरही. डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही. असं कशात होतं? इंदूच्या लग्नाच्या आदल्या रात्री, पंगतीत, तू एका धनगराच्या तापाची गोष्ट सांगत होतास. कुत्र्याच्या, सशाच्या अंगावरचा गोचीड माणसाला चावला की असा ताप येतो म्हणालास, आणि वेळेत औषध दिलं की उतरतो. मी हसलो होतो. म्हटलं, डॉक्टरला जिलबीत सुद्धा रोग दिसतो.

सहज विचारत नाही रे.

ते गोचीड मी निखाऱ्यात टाकले नाहीत. शेगडी पेटवायची आणि तो आवाज ऐकायचा, या वयात नको वाटलं. ओसरीच्या कडेला नुसते झटकले. दमयंतीचं अंथरूण ओसरीवरच असतं. ताप यायच्या आधी तिची वेणी घालून देताना मला तिच्या कानामागे एक सापडला. आता तिथे काळी खपली आहे. तो मात्र मी चुलीत टाकला. फट् झालं. आर्या म्हणवली नाही.

आणि मी गप्प बसलो. दारावर पाला बांधला गेला तेव्हाही. मनकर्णाबाईशी मी लशीवरून भांडलो, पुवावरून भांडलो, पण गोचिडाचं नाव काढलं नाही. नाव काढलं की ससा जाणार. देवीचं नाव आहे तोवर सशाकडे कोणी बोट दाखवत नाही. इथल्या डॉक्टरला बोलावलं तर तो पहिलं हेच विचारेल, म्हणून त्यालाही बोलावलं नाही. मनकर्णाबाई अडाणी आहे असं मी रोज स्वतःला सांगतो. ती निदान जे मानते तेच बोलते.

आज सकाळपासून दमयंती हसलेली नाही. मला दोनदा 'अण्णा' म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे वडील.

सुमंता, तू ये. सावधान म्हणत ये, हवं तर माझं कडवं आयुष्यभर तोडत राहा, पण ये. हे पत्र पुणतांब्याला पोचेपर्यंत

दाराची कडी वाजली. पाला बांधलेल्या घराची कडी कोण वाजवतं?

"चपला भाईर काढा, डाक्टर! कार्ड मिळालं व्हय?"

"मिळालं. वहिनींचं अक्षर वाटतच नव्हतं. तुम्ही टाकलंत ते पेटीत?"

"बाईनं दिलं, टाकलं. मास्तरास्नी सांगू नका म्हनली. आत काय लिवलंय त्ये मला काय ठावं?"

"बरं, गरम पाणी ठेवा. आणि ससा कुठे आहे?"

दमयंतीला ठाऊक होतं. सुरुवातीपासून ठाऊक होतं, सुमंता, आणि ती माझ्याकडे बघून हसत होती.

ससा माझ्या पायाशी टोपलीत आहे. तो घेऊन बाहेर येतो. हे पत्र तुझ्या हातातच देतो. तू औषध काढेपर्यंत वाच, कारण तोंडाने मला यातलं काहीही सांगता येणार नाही.

तुझा,
दादा