पाहुण्यांपुरतं गार्ड

सोलापूर, ६ फेब्रुवारी

प्रिय काव्या,

तुझा रिपोर्ट पोचला. मालकांनी त्याचं पहिलं पान फ्रेम करून ऑफिसात लावलंय, त्यामुळे येता-जाता दर्शन होतं. ‘स्वच्छ, हवेशीर, सुरक्षित’ हे तीन शब्द लिहायला पुण्याहून चाळीस मुलं बसमध्ये घालून आणावी लागली, याचं मला हसू येतं. त्याच पानावरच्या फोटोमुळे एका बाईचं काम गेलंय आणि बोट जायची वेळ आलीय, याचं मात्र येत नाही.

शाळेत तू इतके प्रश्न विचारायचीस की बाई वैतागायच्या. प्राध्यापक झालीस आणि तासाभरात आख्खा कारखाना ‘शिकवून’ मोकळी झालीस. तुझी पोरं कटिंग टेबलापासून इस्त्रीपर्यंत नुसती मोबाइल वर धरून फिरत होती. एकानं काजाच्या मशीनसमोर सेल्फी काढला आणि मग मला विचारलं, हे मशीन काय करतं. मी म्हटलं, काज करतं. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं.

तुम्ही येणार म्हणून आदल्या दिवशी बंद पडलेले चार पंखे दुरुस्त झाले. दिवाळीपासून मागे लागलो होतो ती पाण्याची टाकी घासली गेली. आम्हाला नव्या टोप्या मिळाल्या, त्या तुम्ही गेल्यावर परत घेतल्या. दुपारी तुम्ही ज्या बुटांच्या कारखान्यात गेलात, तिथं माझी जाऊ नागूबाई तळ चिकटवते. एरवी सोल्युशनच्या वासानं तिचे डोळे चुरचुरतात. त्या दिवशी डबे मागच्या खोलीत आणि तिच्या टेबलावर अगरबत्ती. तू लिहिलंस, ‘आल्हाददायक वातावरण’. मी वाचून दाखवलं तर नागूबाई इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली.

आता फोटोतल्या बाईचं सांगते. दानम्मा तिचं नाव, मंद्रूपहून रोज एसटीनं यायची. तू तिच्याशी कानडीत दोन वाक्यं बोललीस म्हणून दिवसभर खुशीत होती. फोटोत तिच्या सुईपुढं तारेचं गार्ड स्पष्ट दिसतंय. सुईखाली बोट जाऊ नये म्हणून ते असतं. आमच्याकडं ते वर्षभर कपाटात असतं, कारण त्यानं हात मंदावतो आणि गणवेश कमी निघतात. दानम्मा कामाला लागून पंधराच दिवस झाले होते, हाताला अजून अंदाज नव्हता. त्या एका दिवसात तिला गार्डला बोट टेकवून कापड सारायची सवय लागली. दुसऱ्या दिवशी बोट टेकायला गेलं तर तिथं गार्ड नव्हतं. सुई नखातून आरपार गेली. ती एवढंच म्हणाली, “अक्का, काल हितं तार हुती की.”

मालक म्हणतात, गार्ड तिनंच काढलं. पुरावा म्हणून तुझा फोटो दाखवतात. उपचाराचा खर्च द्यायला नकार दिला आणि वर तिला कामावरूनही काढलं. बोट पिकलंय, वाचेल की नाही ते डॉक्टरही सांगत नाहीत.

तुला एवढं घालूनपाडून बोलले, आता माझंही ऐक. मालकांनी फक्त सांगितलं होतं, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात होता. लाइनची सुपरवायझर मी. आदल्या संध्याकाळी सगळी गार्ड मीच बसवली आणि तुमची बस गेटबाहेर पडल्यावर मीच उतरवली. आणि प्रश्न विचारला नाहीस हेही खरं नाही. एक विचारलास, तोही नेमका मला, की गार्ड रोज असतात ना? मी हो म्हणाले, वर हसले. तुझ्या रिपोर्टातला ‘सुरक्षित’ हा शब्द माझा आहे. सोमवारी अकरा वाजता कामगार कार्यालयात दानम्माची सुनावणी आहे. मी जबाब लिहून ठेवलाय, त्याची प्रत सोबत आहे. माझीही नोकरी जाणार, ते मी धरून चाललेय. पण गार्ड नसतातच, असं आज म्हटलं तर मालक तुझं पान पुढं करतील. म्हणून तू ये. राजश्रीनं मला तोंडावर खोटं सांगितलं, असं सगळ्यांसमोर सांग. मी समोरच उभी असेन.

तुझीच,
राजश्री