मेलेल्या माकडाची नोंद

केरी, पेडणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबाजीदादास,
सा. न. वि. वि.

काजूवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांची तक्रार एकच: आपला ताप सरकारला माणूस दगावल्यावरच दिसतो. गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचं तेल यंदाही वाडीवर आलेलं नाही. तीस वर्षं नर्स होते, ही दिरंगाई मला पाठ आहे. बागेत माकड मेलेलं दिसलं तर हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा. त्याच्या अंगावरच्या गोचिडींपासून माकडताप होतो. माझा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे. कमलाक्षीवहिनीला सांग, काजूचे सगळे बोंडू फेणीच्या भट्टीला घालू नको, थोडे खायला ठेव, नणंद जिवंत आहे.

तुझी विनोदिनी

सर्वण
९ मार्च

चि. विनूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं, पण उशिरा. एक तारखेलाच बागेत मोठं माकड मेलेलं सापडलं. मारुतीचं रूप म्हणून रिवाजाप्रमाणे न्हाऊ घातलं, हार घातला, तिरडीवरून नेऊन पुरलं. न्हाऊ घातलं ते कमलाक्षीने. गुरुवारपासून ती तापाने फणफणली आहे, कंबर ठणकते. डॉक्टरांनी साध्या गोळ्या दिल्या. माकडाचं आम्ही बोललो नाही. आमच्या गौरेशला जिल्हा पंचायतीला उभं राहायचं आहे. तो म्हणतो, नोंद झाली की काजू वेचायला कोण फिरकणार नाही, आणि वाडीची मतं जातील. फोनवर बोलावं तर तो शेजारीच असतो, म्हणून लिहितो. कोणाला सांगू नको. रागावलीस तरी माया ठेव.

बाबाजी

केरी
१२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

शेजारच्या रूपालीच्या हाती हे पाठवते. म्हापशाला बस बदलून ती दुपारपर्यंत पोचेल.

गौरेशला फोन केला. आत्या, काजू संपू देत, म्हणाला. आजवर प्रत्येक सभेत मी सरकारवर तोंड सोडलं, तुम्ही साथ लपवता म्हणून. आज ती माझ्या माहेरात लपवली जातेय. आता तेलाचा जाब कुठल्या तोंडाने विचारू? वर बसलेल्यांना हेच हवं असतं. नोंद नाही म्हणजे साथ नाही, साथ नाही म्हणजे तेल नको. तुझा लेक त्यांचं काम फुकट करतोय.

आणि डॉक्टर अंतर्ज्ञानी नाही. माकडाचं कळल्याशिवाय तो माकडतापाची तपासणी का लिहून देईल? तिरडीला खांदा देणाऱ्या तुम्हा सगळ्यांनाही उद्या त्याच गोळ्या मिळतील.

माझ्यावरची माया आटली तरी चालेल. हे वाचून होताच वहिनीला रिक्षात घाल, केंद्रात जा आणि गौरेशसमोर डॉक्टरांना सांग, बागेत माकड मेलं होतं आणि हिने ते न्हाऊ घातलं.

विनू