सातुरियोला पाहायला बाई येतील तेव्हा

मी, ओब्दुलिया रेविया, वय वर्षे चौऱ्याऐंशी, अविवाहित, राहणार वाल्देमुन्या, जिल्हा सोरिया, पूर्वीचा धंदा पावभट्टी, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मला दडपणारा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. नोटरीसाहेबांनी सांगितले की हाताने लिहिलेले चालते, फक्त एकही ओळ दुसऱ्याच्या अक्षरात नको. अक्षर वाकडे दिसते ते बोटांच्या संधिवातामुळे. डोके सरळ आहे.

माझे हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात. थकू दे, त्याने पुष्कळ काम केले. मरणाची मला भीती नाही. भीती आहे ती माझा धाकटा भाऊ सातुरियो माझ्यामागे उरणार याची. त्याला आता काही कळत नाही. सरकारने त्याला सांभाळाची नीट श्रेणी दिली तर त्याला खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात जागा मिळेल, जिथे ओळखीचे कोणी ना कोणी रविवारी डोकावेल. नाही दिली तर त्याला कुठेतरी लांब, ज्याचे नावही मला ठाऊक नाही अशा ठिकाणी नेऊन टाकतील. हे सगळे लिहिणे त्यासाठी आहे. बाकीच्या वस्तू वाटायच्या म्हणून वाटते.

कलम पहिले. माझे राहते घर, मागचे अंगण आणि भट्टीची खोली हे मी गावाच्या नगरपालिकेला देते. अट अशी की सातुरियोला खालच्या गावात जागा मिळेपर्यंत त्याला या घरातून कोणी हलवू नये. त्यानंतर घराचे काय करायचे ते करा. फक्त भट्टीचे धुराडे पाडू नका, त्यात करकोचे राहतात आणि त्यांनी आजवर मला काही त्रास दिलेला नाही.

कलम दुसरे. माझा मावसभाऊ बेनिग्नो, राहणार सारागोसा, नाताळला फोन करतो. "तब्येत कशी आहे, ओब्दुलिया?" असे विचारतो आणि मी उत्तर देईपर्यंत "आणि घराचं काय ठरवलंस?" असेही विचारून घेतो. सातुरियोबद्दल तो म्हणाला होता, "अगं, त्याला आता कुठे ठेवलं काय, सारखंच. त्याला थोडंच कळतंय?" बेनिग्नोला मी कोंबड्यांच्या खुराड्याची किल्ली देते. कोंबड्या मागच्या हिवाळ्यातच खाऊन झाल्या.

कलम तिसरे. बँकेत जे काही आहे ते सातुरियोच्या खर्चासाठी. कणीक मळायची मोठी काथवट आणि भट्टीत पाव सारायचे लांब दांड्याचे लाकडी फावडे एवेलियोला द्यावे. तो गावातला एकुलता एक बार चालवतो आणि ही हत्यारे भिंतीवर टांगायची त्याची फार दिवसांची इच्छा आहे. टांग बाबा. पण खाली माझे नाव लिहून पाटी लावू नकोस.

कलम चौथे. हे कलम प्रतिज्ञेवर लिहिते, पुढे कोणी तपासायला आले तर दाखवता यावे म्हणून.

माझा भाऊ सातुरियो रेविया हा या गावचा दवंडीवाला होता. पितळी तुतारी फुंकून चौकाचौकांत ओरडायचा. नगरपालिकेने भोंगे बसवले तेव्हा त्याचे काम गेले, आवाज गेला नाही. आता त्याला कपडे मी घालते. घास मी आधी खाल्ल्याखेरीज तो तोंड उघडत नाही. अंघोळीला न्यायचे म्हटले की चोर शिरल्यासारखा ओरडतो. त्याचे जोडे मी लपवून ठेवते, तर मोजे घालून बाहेर पडतो. मला कधी ओब्दु म्हणतो, कधी आई. आई म्हटले की मी ओ देते. दुसरे काय करणार?

सरकारी मदत मिळायची तर आधी सरकारकडून बाई घरी येऊन पाहणी करतात. माणूस स्वतःहून काय करू शकतो ते विचारतात, बघतात आणि श्रेणी ठरते. पहिली म्हणजे थोडी मदत, दुसरी म्हणजे रोज कोणीतरी घरी येणार, तिसरी म्हणजे रात्रंदिवस सांभाळायला हवे असा. आरोग्य केंद्रातली नर्स एनार मला बजावून गेली होती, "हे बघा ओब्दुलियाबाई, बाई येतील तेव्हा घर आवरू नका. त्याला सजवू नका. त्याच्या वतीने बोलू नका. रोज जसं असतं तसं दिसू दे."

"म्हणजे परक्या बाईसमोर माझा भाऊ ओल्या पँटने बसू दे?" मी विचारले.

"हो," ती म्हणाली.

आजकालच्या पोरींना लाज कशाशी खातात ते माहीत नाही.

पाहुणा येणार म्हटल्यावर या घरात फरशी पुसली जाते. मी पुसली. सातुरियोची दाढी केली, पांढरा शर्ट इस्त्री करून घातला, केस ओले करून भांग पाडला. बडीशेप घालून कणकेच्या गोल, गोड कड्या तळल्या. पाहणीच्या बाई आल्या, नोएलिया त्यांचे नाव. तरुण होत्या, बोलायला गोड. येताच म्हणाल्या, "काय आजी, कशा आहात?" मी सांगितले, मी कोणाची आजी नाही. त्या हसल्या आणि सातुरियोकडे वळल्या.

"सातुरियोजी, आज गावात काय चाललंय, सांगाल का मला?"

तो ताडकन उठला, छाती पुढे काढून. मला वाटले आता पडणार. तर खणखणीत आवाजात म्हणतो कसा, "ऐका हो ऐका! नगराध्यक्ष डॉन बाउदिलियो यांच्या हुकमावरून समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येते की मासळीवाला चौकात आला आहे! ताजे सार्डिन, ताजे बांगडे! भांडी आपापली आणावीत!"

नोएलियाबाईंनी टाळ्या वाजवल्या. डॉन बाउदिलियो कबरीत जाऊन जमाना झाला आणि पूर्वी दर मंगळवारी येणारा मासळीवाला आता येतच नाही, पण शहरातल्या बाईला हे कुठून कळणार? आणि पाहुण्यासमोर मी माझ्या भावाला खोटे पाडू? त्यांनी विचारले, कपडे कोण घालते? मी म्हणाले, तो तसा नीटनेटका आहे. जेवतो का? मी म्हणाले, भूक चांगली आहे. यात एक अक्षर खोटे नव्हते. बाई कड्या खाऊन गेल्या. काही महिन्यांनी कागद आला: कोणतीही श्रेणी नाही.

एनारने कपाळाला हात लावला.

कलम पाचवे. शेजारीण प्रिस्किला ओर्तेगा हिच्याबाबत.

प्रिस्किलाने एकदा माझ्याच भट्टीसमोरच्या रांगेत उभे राहून सांगितले होते की ओब्दुलियाचा पाव वजनाला कमी भरतो. तेव्हापासून तीस वर्षे आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ती बाहेरच्या गाडीवरचा पाव घ्यायची, तो रबरासारखा पाव, पण माझ्या दारात आली नाही. कपडे वाळत घालताना समोरासमोर यायचो तर ती आभाळाकडे बघायची आणि मी चिमट्यांकडे.

एनारने फेरपाहणीचा अर्ज केला. नोएलियाबाई पुन्हा आल्या. मी पुन्हा फरशी पुसली, दाढी केली, कड्या तळल्या. होय, केले सगळे. एनारने बजावले असूनही केले. सातुरियो पांढऱ्या शर्टात बसला होता आणि बाई कागद काढत होत्या, तेवढ्यात प्रिस्किला दार न ठोठावता आत आली. अंगात एप्रन, हात पिठाचे.

"बाई, तुम्ही बघताय ते सगळं नाटक आहे," ती म्हणाली.

"प्रिस्किला, चालती हो माझ्या घरातून," मी म्हणाले. तीस वर्षांनी तिच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

"होते ना. सांगून झालं की होते." आणि ती सांगतच सुटली. "जानेवारीत हा चौकात नुसत्या बनियनवर उभा होता, बर्फात. मासळी आली म्हणून ओरडत होता. मी माझा कोट घातला त्याला आणि यांच्या दारात आणून सोडला, बेल वाजवून पळाले, कारण ही बया माझ्याशी बोलत नाही! हा रोज कपडे ओले करतो. ही रोज चादरी धुते, मी दोरीवर बघते ना. या वयात, या हातांनी! त्याला उचलताना दोनदा पडलीय ही. पडली की उठून आधी केस नीट करते. हिला विचारू नका काही, ही मेली तरी सांगायची नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो कोट कोणाचा, याचा मी महिनाभर विचार केला होता. धुऊन, इस्त्री करून दारामागे टांगला होता.

नोएलियाबाईंनी कागद खाली ठेवला. "ओब्दुलियाबाई, हे खरं आहे?"

 सातुरियोने माझी बाही ओढली आणि म्हणाला, "आई, घरी कधी जायचं?"

मी मान हलवली. तोंडाने हो म्हणाले नाही. आजही म्हणवत नाही, म्हणून लिहिते: प्रिस्किला बोलली ते अक्षर न् अक्षर खरे आहे.

बाईंनी लिहून घेतले. बराच वेळ लिहीत होत्या. तोवर प्रिस्किलाने बसून एक कडी उचलली, खाल्ली आणि म्हणाली, "बडीशेप कमी पडलीय."

या वेळी दुसरी श्रेणी मिळाली.

म्हणून ठरवते ते असे. भट्टीवरचा वजनाचा तराजू, मापांसकट, प्रिस्किला ओर्तेगा हिला द्यावा. तिला काय तोलायचे ते तिने आयुष्यभर तोलावे. कोटही तिचा तिला द्यावा. पावाबद्दल बोलली त्याची माफी मी देत नाही. सातुरियोबद्दल बोलली त्यासाठी मी तिची आभारी आहे, आणि हे तिच्या तोंडावर सांगणे माझ्याने होणार नाही, म्हणून इथे.

कलम सहावे. त्या श्रेणीमुळे रोज सकाळी नोर्मा येते. होंडुरासची आहे, स्वतःची मुले तिकडे आईपाशी ठेवून आली आहे. ती सातुरियोला डॉन सातु, म्हणजे सातुसाहेब, म्हणते आणि अंघोळ घालताना स्वतःच दवंडी पिटते, "ऐका हो ऐका, गरम पाणी चौकात आलं आहे!" मग तो ओरडत नाही. मला इतक्या वर्षांत हे सुचले नाही. माझे शिवणयंत्र आणि आईचे कानातले नोर्माला द्यावेत. बेनिग्नो कानातल्यांबद्दल विचारेल. त्याला खुराडे दाखवावे.

कलम सातवे. माझ्या दफनाला सातुरियोला आणू नये. आणलेच तर कोण गेले ते त्याला सांगू नये. त्याने विचारले, तर ओब्दु भट्टीवर गेली आहे म्हणावे. ते त्याला पटते.

कलम आठवे आणि शेवटचे. मी गेल्यावर दुसरी श्रेणी पुरणार नाही. नोर्मा दुपारपर्यंतच असते आणि रात्री त्याला एकटे ठेवता येत नाही. पाहणीच्या बाई तिसऱ्यांदा येतील. खालच्या गावातली जागा त्या दिवसावर अवलंबून आहे. त्या वेळी सातुरियोच्या वतीने प्रिस्किला ओर्तेगा हिने बोलावे अशी माझी इच्छा आहे. कायद्याने त्याचा पालक कोण ते न्यायाधीश ठरवतील, पण तिच्या जिभेला हाड नाही आणि या कामाला तशीच जीभ लागते.

प्रिस्किला, नीट वाच. त्या दिवशी फरशी पुसू नकोस. काही तळू नकोस. त्याचा शर्ट बदलू नकोस, सकाळी जो असेल तो असू दे. तो दवंडी देऊ लागला तर देऊ दे, आणि नंतर बाईंना सांग की डॉन बाउदिलियो कबरीत आहेत. त्याने कपडे ओले केले तर उठू नकोस, बाईंना बघू दे. आणि दाढी करू नकोस. हे सगळे दोनदा माझ्याच हातात होते आणि दोन्ही वेळा मला जमले नाही. माझा भाऊ कोणाला तसा दिसावा हे मला सहन झाले नसते. तुला होईल. तुला माझ्याइतका तो आवडत नाही, म्हणून होईल, आणि कोट घालण्याइतका आवडतो, म्हणून तू बसून राहशील.

बाई गेल्या की मात्र लगेच पाणी गरम कर आणि त्याची दाढी कर. साबणाचा फेस आधी स्वतःच्या हाताला लावून दाखव, नाहीतर घाबरतो. उजव्या कानाखालून सुरू कर, हळू. ती बाजू झाली की थांब. काही बोलू नकोस. तो आपणहून दुसरा गाल पुढे करतो. एवढे त्याला अजून येते. हे बाईंना सांगू नकोस.

वाचून पाहिले, माझेच आहे, बरोबर आहे. साक्षीदार लागत नाहीत असे नोटरीसाहेब म्हणाले, तरी मी दोघांना बोलावले, कारण या गावात न पाहिलेल्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

वाल्देमुन्या, दिनांक १९ नोव्हेंबर २०१८

(सही) ओब्दुलिया रेविया

साक्षीदार:
(सही) एनार मोरेनो, नर्स, आरोग्य केंद्र
(सही) एवेलियो लासेर्दा, बारमालक