डिस्कस रुळतोय

४ मार्च, मंगळवार

माशांची टाकी आली. हॉलमध्ये हिचं शिलाई मशीन होतं त्या कोपऱ्यात फिट बसली. मशीन बाल्कनीत सरकवलं. ही सध्या भावाकडे आहे. भांडण वगैरे नाही. थोडे दिवस राहते म्हणाली. दोन मोठ्या बॅगा नेल्या, पण बायका सामान जास्तच नेतात.

संकल्प: एंजल आणि डिस्कस हे दोन जातींचे मासे एकाच टाकीत ठेवून दाखवायचे. सगळे म्हणतात जमत नाही. मी लिफ्ट कंपनीच्या तक्रार विभागाचा प्रमुख आहे. समोरच्याचं शांतपणे ऐकून घेतलं की निम्मी तक्रार तिथेच विरते. उरलेली निम्मी, माणूस जिन्याने जायला लागला की विरते.

ही परत येईल तेव्हा दोन वेगळे स्वभाव एका पाण्यात गुण्यागोविंदाने नांदताना बघेल. म्हणजे आईच्या विषयावर मला वेगळं काही बोलावं लागणार नाही.

९ मार्च, रविवार

तीन एंजल बुधवारीच सोडले होते. टाकी त्यांनी आपलीशी केली आहे. आज डिस्कस आणला. निळा, अंगावर लाल रेघा, ताटलीसारखा गोल. दुकानासमोरून जाताना ही नेहमी याच माशापाशी थांबायची. मी म्हणायचो, घेऊ नंतर.

दुकानदार म्हणाला, एकटा नेऊ नका, याला सोबत लागते, निदान पाच-सहा घ्या. विकणारा असंच म्हणणार. मी एकच घेतला. एकटा असला की लवकर रुळतो.

डिस्कसला पाणी गरम लागतं, एंजलना त्यापेक्षा कमी. मी मधलं ठेवलं. कुणाचंच पूर्ण ऐकलं नाही म्हणजे न्याय झाला.

१२ मार्च, बुधवार

डिस्कस काळा पडला आहे. हीटरच्या मागे, तोंड कोपऱ्याकडे करून उभा असतो. आई म्हणाली, नवं आहे ते, लाजतंय, आम्ही नाही का रुळलो. मला पटलं.

ऑफिसात आज एक बाई तीन तास लिफ्टमध्ये अडकल्याची तक्रार घेऊन आल्या. चहा दिला, ऐकून घेतलं. जाताना म्हणाल्या, तुम्ही फार चांगलं ऐकता हो, पण लिफ्टचं काय? मी म्हटलं, नोंद घेतली आहे.

१५ मार्च, शनिवार

खाणं टाकलं की एंजल तुटून पडतात. डिस्कस बाहेर येतो तोवर काही उरत नाही. मग तो रिकाम्या पाण्यात एक फेरी मारतो आणि परत हीटरमागे. स्वभावच शांत.

हीसुद्धा सगळ्यांत शेवटी जेवायची, ओट्याशी उभ्याने. मी एकदा विचारलं होतं. भूक नाही म्हणाली. माणसाने नाही म्हटलं की विश्वास ठेवावा, अशा मताचा मी आहे.

संध्याकाळी फोन केला. डिस्कस आणला म्हणून सांगितलं. वाटलं होतं खूश होईल. तिने विचारलं, खातो का? मी म्हटलं, रुळतोय. मग म्हणाली, माझ्याबद्दलही तुम्ही सगळ्यांना सहा वर्षं हेच सांगत होतात. आवाज थकलेला वाटला. भावाकडे कामं पडत असणार.

१८ मार्च, मंगळवार

एंजलच्या एका जोडीने काचेवर अंडी घातली. आई हरखून गेली. घर भरलं म्हणाली. मला मात्र काळजी लागली, कारण अंडी हीटरच्या बाजूलाच आहेत आणि एंजल आता डिस्कसला तिथेही उभं राहू देत नाहीत. त्याचा पर फाटला आहे.

दुकानदाराला फोन केला. म्हणाला, दुसरी टाकी घ्या, आजच्या आज. मी म्हटलं, एका घरात दोन टाक्या? तो म्हणाला, मग मासा मरेल. या धंद्यातल्या लोकांना सगळं टोकाचंच बोलायची सवय.

हीसुद्धा मागच्या वर्षी वेगळं राहू म्हणाली होती. आईपासून जवळच, दोन गल्ल्या सोडून. मी पूर्ण ऐकून घेतलं होतं. मध्ये एकदाही बोललो नव्हतो. परत तिने तो विषय काढला नाही. म्हणूनच मला वाटलं, मिटलं.

२२ मार्च, शनिवार

ही आली. टेम्पो घेऊन आली, मशीन न्यायला. मी टाकीचा दिवा लावून ठेवला होता, पाणी बदललं होतं, नवा शर्ट घातला होता.

आई म्हणाली, घरातल्या वस्तू हलवायच्या म्हणजे काय? ही टाकीसमोर उभी होती. मी एंजलची अंडी दाखवत होतो. ती खाली वाकून हीटरमागे बघत होती. मग म्हणाली, बादली द्या.

टाकीतलंच पाणी घेतलं. जाळीने नाही, हाताने, हळूहळू त्याला बादलीत घेतलं. एरवी जवळ गेलं की धडपडणारा मासा अगदी गप्प राहिला. वरून टॉवेल टाकला. म्हणाली, माझ्या खोलीवर नेते याला. कुठली खोली, मी विचारलं. भाड्याने घेतलीय म्हणाली, महिना झाला.

टेम्पो गेल्यावर बसून नीट विचार केला. मासा आजारी आहे म्हणून नेला. बरा झाला की परत आणून द्यावाच लागेल. म्हणजे येणं आलंच. जरा हायसं वाटलं.

३० मार्च, रविवार

फोन केला. डिस्कस खातो आहे. तिने त्याला सोबत म्हणून आणखी चार आणले. पर भरून येतोय, रंग परत आला. मी म्हटलं, छान, मग आता आण त्याला घरी. ती म्हणाली, अहो, तो घरीच आहे.

मी म्हटलं, बरं, नोंद घेतो. तोंडातून निघून गेलं. तिने फोन ठेवला.

आई म्हणते, आता टाकी कशी शांत वाटते. आपण तिघंच बरे, असंही म्हणाली. घरात आम्ही दोघंच; तिघं कोण, मी विचारलं नाही. एंजलनी स्वतःची अंडी खाऊन टाकली आहेत.

६ एप्रिल, रविवार

तिच्या खोलीवर गेलो. नुसतं मासा बघायला, असं फोनवर सांगितलं होतं. एक खोली, खिडकीशी मशीन, अर्धवट शिवलेले कपडे, समोर टाकी. जेवायला टेबल आहे. तिचं ताट वाढलेलं होतं, गरम. मला विचारलं, जेवणार का? मी म्हटलं, तू जेव. लग्न झाल्यापासून तिला बसून गरम जेवताना मी पाहिलेलं नाही. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

टाकीजवळ गेलो. पाचही मासे पुढे होते. चार तसेच राहिले. आपला मात्र मला बघून काळवंडला आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून उभा राहिला. काचेवर बोट ठेवलं, हलला नाही. मी त्याला म्हटलं, अरे मी आहे. ती मागून म्हणाली, जरा बाजूला व्हा, घाबरतोय तो.

बाजूला झालो. आणखी थोडा झालो. असं करत दारापर्यंत आलो. तो हळूच बाहेर आला, रंग भरला. ती घास घेत त्याच्याकडे बघत होती. तिथून दोघंही चांगली दिसत होती.